मास्क काढून या

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाइतकी हलगर्जी तपासणी दुसऱ्या कुणाची होत नाही. बाहेरचा पेशंट खिडकीवर रांग लावतो, केसपेपर काढतो, नंबर आला की स्टुलावर बसतो, आणि डॉक्टर त्याला विचारतात तरी, काय होतंय, कधीपासून होतंय. आम्ही पडलो स्टाफ. रांगेत उभं राहणं आम्हाला कमीपणाचं वाटतं. आम्ही जाता जाता दाखवतो. डबा उघडायच्या आधी, ड्युटी बदलताना, नाहीतर स्टोअरमधून सलाईन आणायला खाली उतरलो की त्याच खेपेत. ‘सर, जरा बघता का,’ म्हणायचं. सर उभ्या उभ्या बघतात, ‘काही नाही हो सिस्टर, ॲसिडिटी आहे,’ म्हणतात आणि आपण समाधानाने वॉर्डात परत येतो. माझ्या डाव्या डोळ्याची तपासणी कितीतरी वर्षं अशीच चालली होती. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी नर्स आहे, जळगावच्या एका दवाखान्यात, टीबीच्या वॉर्डात. आणि मी काचबिंदूने नजर गेलेल्या माणसाची मुलगी आहे. ही दुसरी गोष्ट नोकरीत मी कुणाला फारशी सांगितली नव्हती, पण ती माझ्या मनातून कधी गेलीही नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, भडगावजवळ गिरणेकाठी आमच्या गावात राहतात. त्यांची नजर जायला लागली तेव्हा मी नर्सिंग शिकत होते. आधी ते शेताच्या बांधावर अडखळायला लागले. मग ओट्याची पायरी चुकायला लागली. गावातले सगळे म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढून टाकू. आमच्याकडे मोतीबिंदूसुद्धा आंब्यासारखा पिकवायची पद्धत आहे. आबा वाट बघत बसले, त्यांच्याबरोबर आम्हीही बसलो. शेवटी धुळ्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढत गेलं आणि आतली नस सुकली. आता काढण्यासारखं काही नाही. एका डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, दुसरा त्याच्या मागोमाग गेला. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, मुलांचे डोळे तपासत राहा, असंही त्या डॉक्टरांनी बजावलं. माझ्या भावाने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. मी मात्र दरवर्षी तपासून घ्यायचे. जाता जाता, पण न चुकता.

मग कोरोना आला आणि आमच्या तोंडाला एन-९५ मास्क लागला. त्याआधी मास्क म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला तो हिरवा, सैल, दोऱ्यांचा. हा वाटीसारखा, टणक, मागे दोन इलॅस्टिकचा. तो कुणाच्या तोंडाच्या मापाने बनवतात देव जाणे. माझा चेहरा लहान, हनुवटी आखूड. मास्क घातला की खालून फट आणि नाकापाशी वरून फट. श्वास सोडला की सगळी गरम हवा चष्म्यात. चष्मा धूसर, डोळे कोरडे, आणि ज्यासाठी मास्क घालायचा ते जंतू फटीतून आरामात आत.

आम्ही बायकांनी यावर एक उपाय काढला. दोन्ही इलॅस्टिकना मागे एकेक गाठ मारायची. मास्क घालून त्यावर दोन्ही हात धरायचे आणि फुंकून बघायचं. हवा डोळ्यांकडे आली तर आणखी एक गाठ. वर नाकावर चिकटपट्टी. अशी गाठ मारली की मास्क असा बसायचा की दिवसभर हलायचा नाही. नवीन लागलेल्या मुलींना ही गाठ मीच शिकवायचे, मोठ्या अभिमानाने. घरी आल्यावर मास्क काढला की गालांवर आणि नाकावर लाल वळ. नवरा म्हणायचा, ‘कुस्ती खेळून आलीस का?’ डोकं ठणकायचं, डोळ्यांच्या मागे कुणी अंगठे दाबून धरल्यासारखं वाटायचं. सगळ्यांचंच डोकं ठणकत होतं, म्हणून कुणी तक्रार करायचं नाही.

कोरोनाच्या त्या धामधुमीत वर्षाची तपासणी राहून गेली. पहिली लाट ओसरल्यावर एका दुपारी औषधं आणायला खाली गेले तेव्हा डोळ्यांच्या विभागात डोकावले. तिथे डोळ्याचं प्रेशर मोजणारा तंत्रज्ञ आहे. वयाने मोठा, म्हणून सगळा दवाखाना त्याला भाऊ म्हणतो. मी मशीनवर हनुवटी टेकवली, डोळ्यावर हवेचा फटका बसला, पुन्हा बसला.

‘पंचवीस,’ भाऊ म्हणाला. एकवीसच्या वर गेलं की काळजी, हे मला पाठ होतं.

‘घाबरू नका सिस्टर. मास्क घातलाय ना तुम्ही, त्याच्याने वाढून दाखवतं. कालच एका डॉक्टरांचं बी असंच आलं. मास्क काढून या. सुट्टीच्या दिवशी, आरामात या.’

मी सुट्टीच्या दिवशी गेले. सकाळी उशिरा उठून, अंघोळ करून, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन, मोकळ्या तोंडाने. सतरा आलं. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ भाऊ म्हणाला. इतका आनंद झाला की येताना मी घरी जिलबी घेऊन गेले. नवऱ्याने विचारलं, कशाची जिलबी? म्हटलं, डोळ्याची.

पुढच्या वर्षी तेच. ड्युटीवरून गेले तर चोवीस, सुट्टीच्या दिवशी गेले तर सोळा. भाऊ हसून म्हणाला, ‘सिस्टर, तुम्ही ड्युटीवरून येतच जाऊ नका.’ मीही हसले. केसपेपर नव्हताच, त्यामुळे आदल्या वर्षी काय झालं होतं ते माझ्या आणि त्याच्या डोक्यातच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत ते कधी गेलंच नाही. त्याच वर्षी मी हट्टाने नजरेचा पसारा मोजायची टेस्ट करून घेतली. एक डोळा झाकून पांढऱ्या वाटीसारख्या मशीनमध्ये बघत बसायचं आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. त्या टेस्टच्या बंद खोलीत मास्क काढून कुणाला घेत नव्हते, म्हणून टेस्टही मास्कमध्येच झाली. डाव्या डोळ्याच्या चित्रात खालच्या बाजूला करडा डाग आला. भाऊने तो बोटाने पुसल्यासारखा केला. ‘मास्कची वाफ धरली असेल काचेवर. खालच्या अंगाला असंच येतं. बठ्ठ्यांचं येतं, सगळ्यांचं.’

हेही खरंच होतं. वाफ धरते आणि डाग येतो. पण हळूहळू माझ्या बाबतीत सगळंच मास्कच्या माथी जायला लागलं. डोकं दुखलं, मास्क. डोळा लाल झाला, मास्क. जिना उतरताना शेवटची पायरी चुकली, मास्कमुळे खाली दिसत नाही. पाणी ओतताना ग्लासच्या बाहेर सांडलं, तेव्हा तर मी घरात होते आणि तोंडावर मास्क नव्हता. तरी मी म्हटलं, दिवसभराच्या मास्कने डोळे थकलेत. इतका सोयीचा दोषी मला आयुष्यात दुसरा मिळाला नसता.

कोरोना सरला. बाजारात, एसटीत, लग्नात सगळ्यांची तोंडं उघडी झाली. आमच्या वॉर्डाची नाही. टीबीच्या वॉर्डात मास्क आधीही हवाच होता, फक्त कोरोनाच्या आधी आम्ही तो नीट घालत नव्हतो. आता नीट घालायला शिकलो होतो, गाठीसकट. तो वॉर्ड कसा असतो ते सांगते. वारं एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेलं पाहिजे म्हणून खिडक्या सताड उघड्या. कुलर लावायचा नाही. जळगावच्या मे महिन्यात खिडकीतून जे येतं त्याला वारं म्हणणं म्हणजे थट्टा आहे. त्यात मास्क, त्यात खाटेखाटेवर खोकणारी माणसं, कुणाला उठवून बसव, कुणाला इंजेक्शन दे, कुणाला गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लाव. ड्युटी संपायला आली की कपाळावरची शीर उडायला लागायची.

एकदा मी मेट्रन मॅडमकडे गेले. म्हटलं, ‘मॅडम, मला काही दिवस दुसरा वॉर्ड द्या. मास्कने डोळ्यांना त्रास होतो. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे.’

‘मास्क सगळ्यांनाच आहे. डोळे काय तुला एकटीलाच आहेत?’ त्या म्हणाल्या. ‘प्रेशर तपासलंस?’

‘तपासलं.’

‘किती?’

‘सुट्टीच्या दिवशी नॉर्मल असतं.’

‘मग सुट्टी घे,’ म्हणाल्या आणि ड्युटीचा कागद पुढे ओढला. त्या वाईट नाहीत. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत आणि टीबीच्या वॉर्डाचं नाव काढलं की प्रत्येकीला काही ना काही दुखणं आठवतं. पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन खाटांच्या मधून चालले होते. फरशी पुसणाऱ्या बाईने बादली माझ्या डाव्या अंगाला ठेवली होती. निळी, भली मोठी, पाण्याने भरलेली बादली, लपण्यासारखी वस्तू नव्हे. मी सरळ तिच्यात पाय घातला. ट्रे उडाला, सुया फरशीवर, पाणी खाटेखाली. शेजारच्या खाटेवर चोपड्याकडची एक म्हातारी होती, सगळ्या वॉर्डाची अक्का. ती उठून बसली आणि म्हणाली, ‘सिस्टर, तुले इतली मोठी बादली दिखनी नही का वं?’

वॉर्ड हसला. मी हसू शकले नाही. आबा ओट्यावरून पडले होते तेव्हा आई त्यांच्यावर असंच ओरडली होती, तुम्हले इतली मोठी पायरी दिखनी नही का? ओली चप्पल घेऊन मी तशीच उभी राहिले आणि पहिल्यांदा मला खरोखरची भीती वाटली.

मी धुळ्याला जायचं ठरवलं. जळगावात मला सगळे ओळखतात, आणि ओळखीच्या जागी मी पुन्हा जाता जाताच दाखवलं असतं. धुळ्यात मला कुणी ओळखत नव्हतं. सुट्टी टाकली, सकाळची एसटी पकडली, एरंडोल, पारोळा करत पोचले. रांगेत उभी राहिले, केसपेपर काढला, नंबरची वाट बघत बसले. हे सगळं केल्याचं मला कौतुक वाटत होतं, इतकी मी निर्ढावलेली होते.

डॉक्टर बाई होत्या, वयस्कर, बोलणं कमी. त्यांनी थेंब टाकून निळ्या उजेडात डोळ्याला टोक लावून प्रेशर मोजलं. सतरा. मी मनात म्हटलं, आता हीसुद्धा म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? पण त्या आतली नस बघत राहिल्या, बराच वेळ. मग नजरेची टेस्ट करायला पाठवलं. ती झाली, त्यांनी चित्र समोर धरलं. डाव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला तोच डाग, करडा होता तो आता काळा झालेला, आणि नाकाच्या बाजूने वर चढलेला.

‘मॅडम, ती वाफ असेल,’ मी म्हटलं. ‘मागेही आली होती. मास्कची.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘मास्क कुठे आहे?’

मी तोंडाला हात लावला. तोंड मोकळं होतं. सकाळपासून मोकळं होतं.

त्यानंतर त्यांनी मला खूप विचारलं. कुठे काम करता, काय करता, मास्क किती वेळ असतो, मागची प्रेशरं कधी मोजली. मी पंचवीसचं सांगितलं, चोवीसचं सांगितलं, आणि ते मास्कमुळे आलं होतं हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मास्क आहे का पर्समध्ये?’ होता. ‘घाला. तिथे घालता तसाच घाला. आणि बाहेर जा. बसून राहू नका, जिने चढा-उतरा, तुमच्या ड्युटीवर जेवढी हालचाल होते तेवढी करा. मग या.’

मी दोन्ही गाठी मारल्या आणि खाली उतरले. धुळ्याच्या त्या गल्लीत मास्क लावलेली मी एकटीच होते. रसवंतीवाल्यासमोरून मी गेले, आले, पुन्हा गेले. तो माझ्याकडे संशयाने बघत होता. जिना चढले, उतरले. ऊन डोक्यावर, घाम मास्कच्या आत. मला चीड येत होती, तीही कुणावर धरावी कळत नव्हतं. बरोबरच्या बायकांची धुणीभांडी आवरून झाली असतील, नातवंडं खेळवत असतील, आणि मी इथे परक्या गावात तोंड बांधून येरझाऱ्या घालतेय, कशासाठी, तर माझंच दुखणं खरं आहे हे सिद्ध करायला!

पुन्हा आत गेले. ‘आता काढा,’ म्हणाल्या, आणि मास्क काढल्या काढल्या थेंब टाकून लगेच मोजलं. म्हणजे मास्क मशीनला टेकून आकडा चुकला, असं म्हणायलाही जागा नव्हती. डावा सव्वीस. उजवा बावीस.

‘मास्कमुळे नस गेली का?’ मी विचारलं.

‘ते मी सांगू शकत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मास्कने बहुतेकांचं प्रेशर थोडंफार वर-खाली होतं, आणि निरोगी डोळ्याचं त्याने काही बिघडत नाही. तुमच्या घरात काचबिंदू आहे. मास्क नसता तरी तुम्हाला तो झाला असता. मास्क, गाठ, उकाडा, धावपळ, कोंडलेला श्वास, यातलं कशाने किती चढतं तेही मला माहीत नाही. मला एवढंच दिसतंय की तुम्ही कामावर असता तेव्हा ते चढलेलं असतं, आणि तुम्ही ते दर वेळी सुट्टीच्या दिवशी मोजलंत.’

पंचवीसला आम्ही चूक धरलं होतं आणि सतराला खरं. आठवड्याचे सहा दिवस मी पंचवीसमध्ये जगत होते, एक दिवस सतरामध्ये.

त्यांनी थेंब लिहून दिले, रोजचे, जन्मभराचे. जे गेलं ते येणार नाही, आहे ते राखायचं. ‘आणि मास्क सोडायचा नाही हं,’ त्या दरडावून म्हणाल्या. ‘टीबीच्या वॉर्डात मास्क सोडलात तर डोळा वाचेल आणि फुप्फुस जाईल. गाठ सोडा. तुमच्या मापाचा मास्क मागा. मधे मधे बाहेर मोकळ्या हवेत येऊन तो काढा. आणि जमलं तर वॉर्ड बदलून घ्या.’ जमलं तर. एसटीत परत येताना पारोळ्यापर्यंत मी त्या ‘जमलं तर’वरच चिडत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊला जाऊन सांगितलं. मला त्याच्याशी भांडायचं होतं, खरं सांगायचं तर कडाकडा भांडायचं होतं. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, ‘पण सिस्टर, मी खोटं काय बोललो? मास्कने वाढतंच ना? धुळ्यात बी तेच निघालं.’ बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, यासारखा दुसरा वैताग नाही. स्टोअरमध्ये लहान मापाचा मास्क मागितला तर तिथला माणूस म्हणाला, ‘सिस्टर, एकच साईज येते. लागली तर गाठ मारा.’ त्याला ती युक्ती कुठून कळली ते मला ठाऊक होतं.

मेट्रन मॅडमकडे गेले तेव्हा मी सगळं ठरवून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. ‘मग आता थेंबाने प्रेशर बरोबर राहील ना?’

‘राहील.’

‘आणि दिसतं ना नीट?’

खरं तर इथेच सांगायचं होतं. पण मला पुढचं सगळं दिसलं. दिसत नाही म्हटलं की आधी हातातली सिरिंज जाणार. मग कपड्यांच्या खोलीत चादरी मोजायला बसवणार. मग मी समोरून आले की मुली बादल्या बाजूला करणार, आणि कुणीतरी हळू आवाजात म्हणणार, बिचारी. इतकी वर्षं शीर सापडत नसलेल्या हातात पहिल्या टोचणीत सुई लावणारी बाई म्हणून मला ओळखतात. मी म्हटलं, ‘हो मॅडम, दिसतं.’

‘मग बघू पुढच्या महिन्यात,’ त्या म्हणाल्या. मी बाहेर आले, मास्क लावला आणि वॉर्डात गेले. पुढचा महिना आला आणि गेला, त्याच्या पुढचाही.

मग एका रविवारी पाचोऱ्याच्या गाडीने गावाकडे गेले. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. माझी चाल त्यांना फाटकापासून कळते. ‘उनी का माय?’

‘हा आबा, उनी,’ आले म्हणत मी ओट्याची पायरी चढले.

‘आज पायरीवर पाय आपटना तुना,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, चप्पल सैल झालीय. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले. त्यांना आता त्याचा दिसण्यासाठी उपयोग नाही, डोळा दुखू नये म्हणून टाकायचे. मग भिंतीकडे वळून माझे टाकले. बाटलीचं टोपण लावायचा आवाज त्यांनी ऐकला. एकदा ऐकला होता, आता दुसऱ्यांदा.

‘दुसरा थेंब कोनले टाका?’

मी सांगितलं. धुळ्याला गेले होते, प्रेशर थोडं जास्त आहे, मास्कमुळे जरा चढतं, थेंबाने राहील. काळजी करण्यासारखं काही नाही. मेट्रन मॅडमला सांगितलं तेच, फक्त अहिराणीत.

‘आठे ये,’ ते म्हणाले. ‘समोर बस.’

मी खाटेवर त्यांच्यासमोर बसले. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, नाकावरचा मास्कचा वळ. तो त्यांच्या बोटाला लागला आणि बोट तिथे क्षणभर थांबलं. मग त्यांनी विचारलं, ‘कोनता डोया?’

‘डावा.’

त्यांनी आपला एक तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर घट्ट ठेवला. दुसरा हात माझ्यासमोर खाली, माझ्या मांडीजवळ कुठेतरी नेला. ‘समोर देख. मना तोंडाकडे. आते सांग, कितला बोटं शेतस?’

मला त्यांचं तोंड दिसत होतं. पांढरी दाढी, बंद पापण्या, मागे भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं स्वच्छ. खाली हात नव्हता. म्हणजे असणार, पण माझ्यासाठी नव्हता. मी हळूच, अगदी हळूच, हनुवटी खाली केली. हात दिसला. ‘तीन, आबा,’ मी म्हटलं.

माझ्या डोळ्यावरचा त्यांचा तळहात तसाच होता.

‘मान वाकाडी तू,’ ते म्हणाले. ‘माले दिखस नही, पन मना हात तुना तोंडवर शे.’

मी हनुवटी तशीच खाली ठेवली.

‘मी बी असंच करं. बांधवर, बाजारमा, तुनी मायसमोर. मान वाकाडी वाकाडीसन चालनू. कोनले समजनं नही.’ त्यांचा आवाज चिडलेला होता. माझ्यावर की स्वतःवर, ते मला कळलं नाही. ‘आते हालू नको. शिधी बस आनि सांग. कितला बोटं?’

तळहाताने त्यांनी माझं डोकं सरळ केलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला भयंकर राग आला. मास्कचा, गाठीचा, सतराचा, जिलबीचा, सगळ्याचा.

‘दिखस नही, आबा,’ मी म्हटलं.

त्यांनी तो हात हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. ‘आते?’ नाही. ‘आते?’ नाही. छातीच्या वर आला तेव्हा बोटांची टोकं दिसायला लागली, मग बोटं. ‘आते दिखस,’ मी म्हटलं. हात तिथेच थांबवून त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि त्या उंचीवर ठेवला, मला कळावं म्हणून.

‘आठेपावत शे तुनं,’ ते म्हणाले. ‘आठलोंग गयं. हाई जाई तठे सांग.’ हाताच्या वरचं राहिलंय, खालचं गेलंय, हे दवाखान्यात जाऊन सांग, म्हणत होते ते.

सोमवारी मी मेट्रन मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. ‘आता काय?’ त्या म्हणाल्या. मी त्यांना उठायला सांगितलं, माझा उजवा डोळा त्यांच्या हाताने झाकायला लावला आणि म्हटलं, ‘मॅडम, तुमचा दुसरा हात खाली धरा, आणि माझी मान हलू देऊ नका.’